सोपानची हजेरी

वैशाख लागला की आमच्या खिडकीसमोरच्या लॉन्सच्या कमानीवर रोज दोन नवी नावं पेटतात. लाल-निळ्या दिव्यांची, मध्ये बदामाची खूण असलेली. काल कुणी रोहन होता, आज कुणी प्रतीक आहे. पुनावळ्याच्या ज्या शिवारात मी हरभऱ्याचे डहाळे उपटून खाल्ले, तिथे आता उंच इमारती आणि लग्नाची लॉन्स आहेत, आणि सबंध लग्नसराईभर त्यांचे ढोल माझ्या भिंतींतून आत येतात. नात विचारते, "आजी, रोज काय वाचतेस गं? ओळखीतलं आहे का कुणी?" मी म्हणते, नाही बाई, सवय आहे.

खरं सांगायचं तर ती सवय नाही, धास्ती आहे. नवरदेवाचं नाव असं चारचौघांत लखलखताना पाहिलं की ते कुणी मोठ्यानं वाचू नये असं मला अजून वाटतं. आमच्या घरातलं एक लग्न असं झालं की त्या दिवशी नवरदेवाचं नाव उच्चारायला अख्खं गाव कचरत होतं. ठाऊक नव्हतं म्हणून नव्हे. ते तर सगळ्यांना त्याच्या बारशापासून ठाऊक होतं.

तो उन्हाळा मला आधी वासांनी आठवतो. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी मॅट्रिकची परीक्षा देऊन रिकामी बसले होते, आणि रिकाम्या माणसाला वास फार येतात. कडुनिंबाच्या मोहराचा कडसर गोड वास. आटत चाललेल्या पवनेच्या डोहाचा शेवाळी वास. बाजेवर वाळत घातलेल्या पापडांचा. आणि संध्याकाळी मारुतीदादा सायकलवरून उतरला की त्याच्या खाकी कपड्यांना येणारा तेलाचा नि तापलेल्या लोखंडाचा वास. आई ते कपडे घरातल्या कपड्यांत मिसळत नसे, वेगळ्या दगडावर धुवायची. नदीपलीकडून कंपनीचा भोंगा वाजला की गोठ्यातली म्हैससुद्धा कान टवकारायची. भोंगा झाला म्हणजे पलीकडे माझा भाऊ कामावर हजर झाला, एवढं आम्हाला घरबसल्या कळे. फक्त तो मारुती म्हणून हजर होत नसे.

हे नीट सांगायला हवं. मला दोन भाऊ. थोरला सोपान, धाकटा मारुती, आणि मी सुमन, शेंडेफळ. नदीपलीकडची आमची काळी जमीन कंपनीत गेली तेव्हा घरटी एक नोकरी कबूल झाली होती, आणि ती अर्थातच थोरल्याची होती. सोपानदादाच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. शेवंतावहिनी इतकी लहान होती की दुपारी माझ्याबरोबर सागरगोटे खेळायची. उभं पीक काढून घ्या, मग आम्ही कुंपण घालतो, असं साहेबलोक सांगून गेले होते. तो त्या रानातला शेवटचा जोंधळा. सोपानदादा राखणीला गेला आणि पहाटे माळ्यावरून उतरताना त्याला पान लागलं. आमच्याकडे सापाचं नाव घेत नाहीत, पान लागलं म्हणतात. बैलगाडीतून त्याला नदी उतरवेपर्यंत सगळं संपलं होतं.

तेराव्याच्या जेवणाला माणसं बसली होती, मी पाणी वाढत होते. त्या पंगतीत आमच्या गावचे पाटीलनाना वडलांना म्हणाले, "आबा, कंपनीनं सोपानला कुठं बघितलाय? त्यास्नी सोपान पायजे. सोपान द्या."

आबांनी पानातला भात एका बाजूला सारला. मग म्हणाले, "मारुतीचं वय भरत न्हाई."

"सोपानचं भरतंय की," नाना म्हणाले.

एवढ्यावर ठरलं. तेव्हा फोटोबिटो काही लागत नसे. शाळेचा दाखला खरा, बापाचं नाव खरं, गाव खरं. माणूस तेवढा दुसरा. घरात तेरावं झालं आणि कंपनीत सोपान हजर झाला. दोन-चार वर्षांनी नाव बदलून घेऊ, असं सगळे म्हणत होते. कुणाकडे जाऊन आणि काय सांगून, हे मात्र कुणी बोललं नाही.

मग वर्षं गेली, आणि नदी ही आमच्या घराची वेस होऊन बसली. उन्हाळ्यात पात्रात दगड उघडे पडत. दादा सायकल खांद्यावर घेऊन त्यांच्यावरून पलीकडे जायचा. पलीकडच्या काठावर कुणीतरी भेटायचं आणि ओरडायचं, "ए सोपान, चल की राव, उशीर झाला." इकडच्या काठावर आई अजून "मारुती, दुपारचं वेळेवर खा रं" म्हणत उभी असायची. गावातले आणखी दोघे-तिघे कंपनीत होते, पण त्यांनी तोंड शिवून घेतलं होतं. पकडला गेला तर नोकरी जाईल, वर पोलिसांत देतील, हे न सांगताही आम्हाला माहीत होतं. दादा प्रेसवर होता, पत्र्याचे भाग दाबायचं काम. "आपल्या बुजवलेल्या हिरीवरच उभी हाय गं प्रेस," तो मला एकदा म्हणाला. "दणका बसला की पायाखाली पोकळ वाजतं." मला त्यानंतर भोंगा ऐकला की ती विहीर आठवायची.

आणि शेवंतावहिनी. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. सोपानदादा होता तेव्हा तिनं ते घेतलं नाही आणि गेल्यावर तर नाहीच. ती "हे" म्हणायची, "त्यांनी" म्हणायची. बाकीचे आम्ही वहिनीचा जीव नको दुखवायला म्हणून ते नाव टाळायचो. त्यामुळे इकडच्या काठावर सोपान हे नाव वर्षानुवर्षं कुणाच्या तोंडी नव्हतं, आणि पलीकडच्या काठावर दिवसभर त्याला हाका पडत होत्या.

तर त्या वैशाखात, कामगार दिनाच्या निमित्तानं, कंपनीनं कॉलनीच्या मैदानात सिनेमा लावला. सहकुटुंब यायचं होतं. आबा नको म्हणत होते, पण सगळे घरच्यांना आणतात आणि सोपान तेवढा कधीच आणत नाही असं लोक बोलायला लागले होते. म्हणून आई, वहिनी आणि मी बैलगाडीत बसून गेलो. समोरची जागा पुरुषांनी भरली होती. बायकांना पडद्याच्या मागच्या बाजूला सतरंज्या टाकून दिल्या होत्या. पडदा पांढऱ्या मांजरपाटाचा, दोन्हीकडून दिसणारा. फक्त आमच्या बाजूनं सगळं उलटं. दुकानांच्या पाट्या उलट्या, घड्याळ उलटं. पडद्यावरचा पोरगा डाव्या हातानं जेवत होता, आणि माझ्यामागची एक बाई हळहळून म्हणाली, "चांगलं देखणं पोर, पण डावखुरं निघालं."

गोष्ट साधी होती. एका कुंभाराकडे वाढलेल्या पोराला कळतं की आपण ह्यांचे नव्हेत. मग तो कोणाचा, हे शोधायला निघतो. हॉटेलात कपबश्या विसळतो, तिथे त्याला एका नावानं हाक मारतात. गिरणीत जातो, तिथे दुसरं नाव. एक म्हातारी त्याला आपला हरवलेला मुलगा समजून तिसऱ्याच नावानं जेवू घालते, आणि भूक लागलेली असते म्हणून तो त्या नावाला ओ देतो. त्या ठिकाणी मी पडद्याच्या कडेनं पलीकडे पाहिलं. पुरुषांच्या गर्दीत मारुतीदादा बसला होता. सगळे हसत होते, तो हसत नव्हता.

मध्यंतर झालं. रीळ काढलं, पण दिवा तसाच चालू होता, त्यामुळे पडदा नुसता पांढरा जळत होता. लाउडस्पीकर खरखरला आणि बक्षिसं सुरू झाली. वर्षभर एकही खाडा न केलेल्या कामगाराचं बक्षीस. आणि मग त्या कर्ण्यातून, अख्ख्या मैदानावर, माझ्या मेलेल्या भावाचं नाव वाजलं. सोपान. वडलांच्या नावासकट, गावाच्या नावासकट. टाळ्या पडल्या. मारुतीदादा उठून स्टेजकडे निघाला तो नेमका दिव्याच्या समोरून, आणि आमच्या बाजूला पडद्यावर त्याची सावली उभी राहिली. पडद्याएवढी. चेहरा नाही, कपडे नाहीत, नुसता आमच्या घराण्याचा उंच खांदा आणि पुढे झुकून चालायची ढब. ती ढब दोघांचीही होती.

शेवंतावहिनी माझ्या शेजारी होती. तिनं झटकन डोक्यावर पदर घेतला आणि डोळ्यांपर्यंत ओढला. नवरा समोरून आला की घेतात तसा. धाकट्या दिरासमोर तिनं आजवर कधी पदर ओढला नव्हता. आई हे पाहून म्हणाली, "चला, आंधारायच्या आत नदी उतरू." अंधार तर केव्हाच झाला होता. पण आम्ही उठलो, आणि सिनेमाचा शेवट काही पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी मी दादाला विचारलं, त्या पोराचं पुढे काय झालं. तो नदीवर सायकल धूत होता.

"शेवटी एका दाराम्होरं येतो. आतनं बाई इचारती, कोन हाय?"

"मग? काय नाव सांगतो?"

"सांगतो कायतरी. पन तेवढ्यात मागनं आगगाडी जाती. ऐकू येत न्हाई." त्यानं चाक एकदा जोरात फिरवलं आणि ते थांबेपर्यंत बघत राहिला. मग म्हणाला, "सुमे, मारुंजीची पोरगी पसंत पडलीया घरात. लगीन ठरंल आता. ते तरी माझं हुईल का गं?"

"म्हणजे?"

"म्हंजी मारुतीचं."

मला त्याच्याकडे बघवेना. चोवीस-पंचवीस वर्षांचा धडधाकट माणूस, पण त्याच्या स्वतःच्या मालकीचं म्हणावं असं काही उरलंय का, हे तो मॅट्रिकच्या पोरीला विचारत होता. मी काहीतरी चेष्टा करून वेळ मारून नेली. चेष्टा ही आमच्या घराची जुनी सोय आहे.

सिनेमानंतर घरातली हवाच बदलली. वहिनी दादासमोर यायची थांबली. त्याचं ताट माझ्या हाती पाठवायची. एका संध्याकाळी आईनं ओट्यावरून "मारुती, ए मारुती" म्हणून हाका मारल्या. तो अंगणात पाठमोरा बसून विळ्याला धार लावत होता. वळला नाही. आईनं पुन्हा हाक मारली. नाही. मी गमतीनं, अगदी हलक्या आवाजात म्हटलं, "सोपान." तो तत्काळ वळला. "काय?" म्हणाला. आतल्या खोलीत वहिनीच्या हातून तांब्या पडला आणि घरंगळत उंबऱ्यापर्यंत आला. तो कुणी उचलेना. मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की गेलेला माणूस गेलेला नसतो, त्याला नुसतं कुणीतरी जागेवर ठेवून घेतलेलं असतं.

लग्न ठरलं. गुरुवार धरला, कारण त्या दिवशी कंपनीला सुट्टी. आबांनी पत्रिका छापल्या नाहीत. अक्षता घेऊन तोंडीच आवतण दिलं, म्हणजे नावाचा प्रश्न नको. पण दादाचे फोरमन देशमाने यांचा त्याच्यावर भारी जीव होता. त्यांनी स्वतःहून सांगितलं की आम्ही चार-सहा जण येणार, सोपानच्या लग्नाला आम्ही नाही यायचं तर कोण येणार? त्यांना नको म्हणता येईना. आले तर गावाचं तोंड कोण धरणार? अक्षता पडताना एखादी म्हातारी "मारुतीचं कल्यान हू दे" म्हणाली की सगळा खेळ तिथेच आटोपला.

म्हणून आबा घरोघर गेले. गुरुवारी कुणी मारुती म्हणायचं न्हाई, सोपान म्हणायचं. गावानं ऐकलं. आमच्या गावात एरवी दोन माणसांचं एकमत होत नसे, पण ह्या बाबतीत झालं. गल्लीतली पोरं दिवसभर "सोपानदादाचं लगीन, सोपानदादाचं लगीन" असं घोकत हिंडू लागली. बायका जात्यावर बसून एकमेकींच्या चुका काढायच्या आणि हसायच्या. मलाही एकदा हसू आलं, आणि मग मांडवाच्या मेढी रोवताना खड्ड्यातून निघालेली ओली माती बघून ते उगाच जिरलं.

एक जागा मात्र आबांच्याही हाताबाहेर होती. मंगलाष्टकांत नाव येत नाही. भटजी संकल्पात म्हणतात ते नाकात म्हणतात. पण पंगतीत नवी नवरी बुंदी वाढायला येते, तिला अडवतात, आणि तिला उखाण्यात नवऱ्याचं नाव घ्यावं लागतं. खणखणीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आई मारुंजीला जाऊन आमच्या होणाऱ्या वहिनीला, इंदूला, समजावून आली. तिनं सोपानरावांचं नाव घ्यायचं.

"आबा, तेवढं नको," दादा म्हणाला. "तिनं तरी माझं नाव घेऊ दे."

"एका दिसाचा प्रश्न हाय."

"तुमी तवाबी हेच म्हनला व्हता."

आबा उठून गोठ्याकडे गेले.

लग्नाच्या आदल्या दुपारी वहिनी आणि मी तांदूळ निवडत बसलो होतो. बाहेर पोरं घोकत होती. वहिनी सुपात बघतच म्हणाली, "समद्या गावाच्या तोंडात आता त्यांचं नाव हाय. माझ्याच तोंडात न्हाई." मी निवडलेले तांदूळ परातीत ओतले. "उद्या ती नवी बी घेईल. त्यांचं नाव तिच्या नवऱ्याचं झालं, तर मग मी कुनाची गं, सुमन?" तिनं खडा काढून बाजूला टाकला आणि पुढचे तांदूळ पुढे ओढले. तिच्याकडे सोपानदादाचा फोटो नव्हता. त्यानं कधी काढलाच नव्हता. नाव होतं, ते आठ वर्षांपासून पलीकडे राबत होतं.

गुरुवार उजाडला तो वाऱ्याविना. मांडवावरच्या आंब्याच्या डहाळ्या सकाळीच मरगळल्या. सुट्टीमुळे भोंगा नाही, पलीकडचा तो रोजचा घरघरता आवाज नाही. इतकी शांतता आम्ही विसरून गेलो होतो. सिनेमात आगगाडी तरी होती, आज झाकायला काहीच नव्हतं. देशमाने फोरमन आणि मंडळी सायकलींवरून, घामाघूम होऊन, पण इस्त्रीचे कपडे घालून आली. त्यांनी स्टीलची एक मोठी कळशी आणली होती. तेव्हा गावात स्टील नवलाचं होतं. तिच्या गळ्याभोवती ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं कोरली होती: चि. सोपान यास दोस्तमंडळींकडून सप्रेम. मी ती मोठ्यानं वाचली नाही.

गाव चोख वागलं. "सोपान, हिकडं बघ," "सोपान, टोपी नीट कर." एकही जीभ घसरली नाही. दादा मुंडावळ्यांच्या आडून प्रत्येक हाकेला वळत होता, आणि अगदी सहज वळत होता.

पंगत बसली. कंपनीची माणसं मानाच्या रांगेत. इंदू बुंदीचं ताट घेऊन आली, सावळी, ठेंगणी, हातभर हिरवा चुडा. देशमाने प्रेमानं म्हणाले, "वहिनी, आमच्या गड्याचं नाव घेतल्याशिवाय आम्ही घास उचलणार नाही हं." बायकांनी गलका केला, आणि मग एकदम सगळं शांत झालं. दादा माझ्यापासून दोन हातांवर उभा होता. त्यानं मान खाली घातली होती आणि हातातली उपरण्याची गाठ बोटानं सोडवत नि पुन्हा आवळत होता.

इंदूनं सुरुवात केली. "अल्याड माझं सासर, पल्याड त्यांचं काम..."

आणि थांबली. नवरीनं लाजून थांबायचं असतं, म्हणून आधी सगळे हसले. पण ती लाजलेली नव्हती. ती दादाकडे बघत होती. थांबणं लांबलं. आई माझ्यामागून पुटपुटत होती, "म्हन बाई, म्हन." आबांचा चेहरा राखेसारखा झाला. पाटीलनानांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

तेव्हा आतल्या दारातून आवाज आला. मोठा नव्हता, पण त्या शांततेत पंगतीच्या टोकापर्यंत गेला.

"शेवटच्या जोंधळ्याची राखण केली जिवानं,
सोपानरावांची अस्तुरी मी, वळखा मला त्यांच्या नावानं."

शेवंतावहिनी उंबऱ्यात उभी होती. पदर खांद्यावर, कपाळ मोकळं. विधवेनं लग्नाच्या मांडवात यायचं नसतं, उखाणा तर दूरच. ती आली होती, आणि तिनं नाव घेतलं होतं. तिच्या तोंडून ते मी आधी ऐकलं नव्हतं. तिच्या लग्नातसुद्धा ती लाजून पळाली होती, असं आई सांगायची.

देशमान्यांनी पानाकडे गेलेला हात मागे घेतला. वहिनीच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं, मग आबांकडे, मग दादाकडे. त्यांच्या शेजारचा एक जण काही विचारायला वाकला, त्याला त्यांनी हातानं गप्प केलं. मला घाबरून पाणी वाढायचंही सुचेना. एका दुपारी नोकरी, इभ्रत, सगळं जाणार, हे समोर दिसत होतं, आणि तरी खरं सांगते, माझ्या छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं.

त्या शांततेत इंदूनं तिचा राहिलेला उखाणा पुरा केला. ताट कमरेवर घेऊन, कंपनीच्या रांगेकडे तोंड करून.

"अल्याड माझं सासर, पल्याड त्यांचं काम,
मारुतीरावांचं नाव घेते, पाव्हण्यांना रामराम."

मारुतीदादानं मान वर केली. कुणीतरी त्याला हाक मारल्यासारखी.

देशमान्यांनी घास उचलला आणि तोंडात घातला. सावकाश चावला. "बुंदी वाढा, वहिनी," म्हणाले. मग बाकीच्यांनी हात पुढे केले, आणि पंगत जेवू लागली. निघताना त्यांनी दादाला मांडवाबाहेर बोलावलं. मी विडे घेऊन गेले होते, म्हणून ऐकलं.

"सुट्टी संपली की ये कामावर. गेटावर ज्या नावानं हाक येईल, त्या नावाला ओ दे. आम्ही इथं जेवलो. बाकी काही ऐकलं नाही." मग त्यांची नजर ओसरीवरच्या कळशीकडे गेली. "तेवढं भांड्यावरचं नाव चुकलं आमचं. देऊन टाक कुणाला तरी."

"असू द्या," दारातून शेवंतावहिनी म्हणाली, आणि तिनं कळशी उचलून आत नेली.

मला वाटलं होतं, आता भीती संपली. संपली नाही. आता कंपनीतल्या सहा जणांच्या पोटात ते होतं, आणि कोण कधी कुणावर रागावेल याचा नेम नाही. दादानं उरलेली सगळी नोकरी कान टवकारून काढली. साहेबानं बोलावलं, की आता. नवा मॅनेजर आला, की आता. पुढे त्यानं संत तुकाराम नगरात घर घेतलं, तर दारावरच्या पाटीवर नुसतं आडनाव घातलं. घरात इंदूवहिनी मात्र, आमच्यातल्या रीतीला न जुमानता, त्याला खुशाल नावानं हाक मारायची. दिवसातून दहादा, कामाशिवायसुद्धा. "मारुती, पाऊस येतोय." "मारुती, दार लाव." शेजारणींना वाटायचं, हे लाडाचं नाव असावं. काहीही झालं नाही, कुणीही बोललं नाही, आणि कंपनीतून शेवटी हारतुरे घेऊन निवृत्त झाला तो सोपान.

शेवंतावहिनी आता माझ्याकडे असते. कळशी तिच्या कॉटशेजारी असते, आणि तिच्यातलं पाणी ती दुसऱ्या कुणाला पिऊ देत नाही. तिला वाचता येत नाही. पण त्या ठिपक्यांवर कुठून कुठपर्यंत बोट फिरवायचं, हे तिला पक्कं माहीत आहे.

मागच्या वैशाखात मारुतीदादा गेला. त्याच्या जुन्या दोस्तांनी चौकात फ्लेक्स लावला. भावपूर्ण श्रद्धांजली, कै. सोपान. वर दादाचा हसरा फोटो. गावाकडून आलेली नवी पोरं विचारत होती, हे कोण वारले? शेवंतावहिनीनं मला हट्टानं रिक्षातून तिथे न्यायला लावलं. लग्नाची एक वरात चौकातून चालली होती, ती जाईपर्यंत आम्ही कडेला थांबलो. मग वहिनी वर बघत राहिली.

"फोटू मारुतीचा हाय," ती म्हणाली.

"हो."

"आन नाव त्यांचं."

"हो. कैलासवासी सोपान, असं लिहिलंय."

तिनं सावकाश डोक्यावरून पदर घेतला आणि डोळ्यांपर्यंत ओढला. त्या सिनेमानंतर मी तिला तसं करताना पाहिलं नव्हतं.

"सुटले म्हनायचे मग आता कामावरनं," वहिनी म्हणाली.